गांधीलमाशीचं पोळं काढायच्या आधी एवढं तयार ठेवा

आदल्या दिवशी उजेडात, लांबूनच, मोबाईलचा कॅमेरा झूम करून पोळं नीट बघून घ्या, कारण ते कुणाचं आहे यावर पुढचं सगळं ठरतं. राखाडी कागदाची छोटी छत्री असावी तसं एका बारीक देठावर लोंबतंय आणि खालून षटकोनी घरं उघडी दिसतायत तर ती गांधीलमाशी. चेंडूसारखं सगळीकडून बंद आणि एकच भोक असेल तर आत शेकड्यांनी असू शकतात, तिथे पेस्ट कंट्रोलवाल्यांनाच बोलवा. मेणाचं असेल तर मधमाश्या, त्यांच्यावर स्प्रे अजिबात नको, मधमाश्या पाळणाऱ्याला विचारा, आणि मातीचं असेल तर ती कुंभारीण, एकटी राहते, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, राहू द्या तिला. गांधीलमाशीचंसुद्धा लांबच्या झाडावर असेल तर नका काढू, झाडावरच्या अळ्या उचलून नेतात त्या. दारावर, खिडकीवर, मुलं खेळतात तिथे असेल तरच.

आता काढणार कोण, तर ज्याला आधी कधी माशी चावून अंगभर गांधी उठल्यात किंवा धाप लागलीय त्याने जवळही जायचं नाही. पोळं शिडीवर चढावं लागेल इतकं उंच असेल, किंवा शेजारून विजेची वायर गेली असेल, तर आपण नाहीच, कारण माश्या अंगावर आल्या की माणूस हात सोडतो, आणि मग डंखापेक्षा पडल्यानेच जास्त लागतं.

कपडे फिक्या रंगाचे, जाड, फुल बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली, हातमोजे बाहीच्या वर ओढलेले, डोळ्याला गॉगल, मान आणि कान कापडाने गुंडाळलेले, आणि सेंट बिंट काही नको.

आणि पळायची वाट! ही मी सगळ्यात महत्त्वाची धरते. जिथे उभं राहणार तिथून दारापर्यंत दिवसा दोनदा चालून बघा, मधली कुंडी, पाइप, चपला सगळं उचला, दार नुसतं लोटलेलं ठेवा, आत एक माणूस उभा ठेवा जो तुम्ही आत आलात की लगेच लावून घेईल. मुलं, कुत्रं-मांजर आत, खिडक्या बंद, पाणी आणि खाणं झाकलेलं.

वेळ अंधार पडल्यावरची, तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यावर परतलेल्या आणि सुस्त असतात. टॉर्च मात्र हातात धरू नका. मी पहिल्यांदा धरली होती, आणि माश्या सरळ उजेडाकडे म्हणजे माझ्या मनगटावर आल्या, तेव्हापासून टॉर्च लाल कागद लावून बाजूच्या स्टुलावर ठेवते. स्प्रे गांधीलमाश्यांसाठीचा, लांबवर फवारा जाणारा घ्या, डब्यावरचं वाचा, वारा पाठीमागून हवा, पोळ्याच्या बरोबर खाली उभं राहू नका. रॉकेल, पेटता बोळा, दगड, पाण्याचा पाइप यातलं काहीच नको. मारलं की मागे न बघता आत. हात झटकत बसू नका, एकीने डंख मारला की त्या वासाने बाकीच्या चवताळतात आणि गांधीलमाशी एकदा चावून थांबत नाही, तिची नांगी तुटत नाही.

घरात साबण, बर्फ आणि चार्ज केलेला फोन तयार हवा. नुसती सूज असेल तर धुऊन बर्फ लावा, पण ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, किंवा डंख तोंडात-घशात बसला तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल, आणि डंख खूप बसले असतील तरी बरं वाटतंय म्हणून घरी राहू नका, किडनीवर परिणाम नंतर दिसू शकतो.

दुसऱ्या दिवशी एकही माशी हलत नाही हे लांबून बघून मगच काठीने पोळं पाडा, पिशवीत बांधून टाका, पक्ष्यांना खायला मिळेल असं उघडं ठेवू नका, आणि वर राहिलेला तो काळा देठही खरवडून काढा.