वीज वाचवायच्या कामात नोकरी कशी शोधायची आणि पगाराचं कसं बोलायचं (महाराष्ट्रापुरतं)

सोलरच्या मागे सगळेच पळतायत, पण आहे ती वीज आणि इंधन वाचवायच्या कामात पण आपल्याकडे चांगल्या नोकऱ्या आहेत, हे आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांना कुणी सांगतच नाही. जॉब साइटवर "एनर्जी एफिशियन्सी" टाकून शोधलं तर फार काही सापडणार नाही. युटिलिटी इंजिनिअर, मेंटेनन्स टेक्निशियन, बॉयलर अटेंडंट, एचव्हीएसी (म्हणजे एसी-व्हेंटिलेशन) टेक्निशियन असं टाका, काम तेच असतं. चाकण, वाळूज, तारापूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, युटिलिटी म्हणजे दाबाची हवा देणारा कंप्रेसर, वाफेचा बॉयलर, पाणी थंड करणारा चिलर, पंप, आणि बिलातला मोठा वाटा हेच खातात. मुंबई-पुण्यात मॉल, हॉस्पिटल, आयटी पार्कला एसी प्लांटवाला माणूस लागतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिथं कायद्यानेच सर्टिफिकेटवाला माणूस ठेवावा लागतो तिथं तुमचं वजन जास्त, म्हणून आधी ते सर्टिफिकेट हातात घ्या. बॉयलरकडे जायचं असेल तर बाष्पके संचालनालयाची बॉयलर अटेंडंटची परीक्षा आहे. इलेक्ट्रिशियनने वायरमनचं परमिट आणि पुढे सुपरवायझरचं लायसन्स काढावं. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी बीईईची (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था) एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटरची (वीज-इंधन कुठं वाया जातं ते तपासणारा) परीक्षा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 नुसार सिमेंट, स्टील, कागद, टेक्सटाईल असल्या क्षेत्रातल्या जास्त ऊर्जा खाणाऱ्या मोठ्या कारखान्यांना सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो. बीईईच्या परीक्षेला बसायला डिग्रीवाल्याला 3 वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला 6, त्यामुळे पहिल्या नोकरीपासूनच अनुभवाची पत्रं जपून ठेवा. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चौथा जास्तीचा, तो पुस्तक उघडं ठेवून लिहायचा असतो. बीईईची चार गाईडबुकं आहेत, तीच वाचा, महागड्या क्लासआधी तरी नक्की वाचा.

अनुभवच नाही? महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेच्या पॅनेलवर एनर्जी ऑडिट करणाऱ्या फर्म असतात, त्यांच्याकडे मीटर धरायला, रीडिंग घ्यायला ज्युनिअर लागतात. सुरुवातीला पगार बेताचाच मिळतो, पण साखर कारखाना, डेअरी, फाउंड्री असं बरंच काही बघायला मिळतं आणि इतकं शिकायला एका कंपनीत बसून मिळत नाही.

मुलाखतीला जाताना बचतीचा एक आकडा घेऊन जा. समजा 50 एचपीचा कंप्रेसर आहे, म्हणजे साधारण 37 किलोवॅट. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी मशीन बंद, फक्त कंप्रेसर चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून बसायचं. 2 मिनिटं लोडवर (हवा भरतोय), 8 मिनिटं अनलोड (नुसता फिरतोय) असं चाललं तर 20 टक्के हवा नुसती गळतीत जातेय. म्हणजे ढोबळमानाने 7.4 किलोवॅट, 24 तास चालला तर रोज 177 युनिट, 8 रुपयाने धरलं तरी दिवसाला 1400 च्या वर. मग साबणाचं पाणी घेऊन जॉइंट, होज, एफआरएल (हवेच्या लाईनवरचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) तपासायचे, गळती काढायची आणि परत तीच टेस्ट घ्यायची. आधीचा आणि नंतरचा आकडा, तारखेसकट, वहीत. "मी मेंटेनन्स बघतो" यापेक्षा हे पान दाखवलेलं कितीतरी चांगलं, पगार वाढवून मागताना पण हेच पुढे करायचं.

पगाराचं बोलताना सीटीसीवर (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) जाऊ नका. बेसिक किती, हातात किती, पीएफ कुणाच्या वाट्याचा धरलाय ते विचारा. आपल्याकडे किमान वेतन उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल असं वेगवेगळं असतं, त्यात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, तो ताजा तक्ता काढूनच बसा. आयटीआय पास इलेक्ट्रिशियनला अर्धकुशलमध्ये टाकायला बघतात, तिथं अजिबात गप्प बसू नका. ऑडिटच्या कामात फिरती खूप, तेव्हा प्रवास, राहणं, जेवण कोण देणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. कारखान्यात कामगार म्हणून असाल तर ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा. आणि कंत्राटदारामार्फत लागलात तर गेटपास, हजेरी आणि दर महिन्याची स्लिप यांचे फोटो काढून ठेवा, कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करताना तुम्ही तिथं काम केलंय हे दाखवावं लागतं.