चिंगकालीन चीन आणि परकी सत्ता: उत्तर लिहिताना या चुका टाळा

चिंग राजवटीच्या शेवटच्या शतकावर लिहिताना बहुतेकांचा साचा ठरलेला असतो: चीन गाढ झोपेत होता, पाश्चात्त्यांनी दार फोडलं, चिनी हतबल झाले. पुढच्या बहुतेक चुका याच साच्यातून निघतात.

'लिन झेशूने अफू जाळली.' हे वाक्य आधी खोडा. जाळलेल्या अफूचा अंश मातीत मुरतो आणि तो खरवडून पुन्हा वापरता येतो, हे अफूबंदीसाठी दरबाराने पाठवलेल्या या अधिकाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून जून १८३९ मध्ये हूमेनच्या किनाऱ्यावर मोठे खड्डे खणले, त्यांत मिठाच्या पाण्यात अफूचे गोळे फोडून भिजवले, वरून चुना टाकला. मजुरांनी तो रबडा ढवळायचा आणि ओहोटीला समुद्रात सोडायचा. वीस हजारांहून जास्त पेट्या संपवायला तीन आठवडे लागले. हाच अधिकारी ग्वांगझूमध्ये परदेशी वर्तमानपत्रांची भाषांतरं करून घेत होता. त्याला 'जगाचं भान नसलेला' म्हणणं अन्यायाचं आहे.

'नानजिंगच्या तहाने अफूला परवानगी मिळाली.' पहिल्या अफू युद्धानंतर ब्रिटनशी झालेल्या १८४२ च्या या तहात पाच बंदरं, हाँगकाँग बेट आणि २ कोटी १० लाख डॉलरची भरपाई आहे. तीत नष्ट केलेल्या अफूचे ६० लाखही आले. पण व्यापार कायदेशीर झाला तो १८५८ मध्ये, दुसऱ्या अफू युद्धाच्या दडपणाखाली. हाँगकाँगचंही असंच: बेट १८४२, कौलून १८६०, न्यू टेरिटरीज १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्यावर.

आणि अफूचं सारं खापर लंडनवर फोडून मोकळं होऊ नका. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. जमशेटजी जीजीभॉयांसारख्या मुंबईकर व्यापाऱ्यांची संपत्ती कापसाबरोबर या व्यापारातूनही आली. मराठी वाचकाला हे सांगायलाच हवं.

'चीनने सुधारणा नाकारल्या.' मग १८६१ चं परराष्ट्र कार्यालय, १८६२ ची बीजिंगची भाषाशाळा, १८६५ चा शांघायचा जिआंगनान शस्त्रकारखाना यांचं काय करायचं? अपयशाचं कारण शोधताना पैसा आणि आरमार कोणाच्या हातात होतं ते पाहा. १८९४-९५ मध्ये जपानशी प्रामुख्याने ली होंगझांग या उत्तरेतल्या बड्या सुभेदाराचा ताफा लढला. दक्षिणेकडचे ताफे जवळजवळ बाजूलाच राहिले.

'बॉक्सरांनी चिंगविरुद्ध बंड केलं.' बॉक्सर म्हणजे उत्तर चीनमध्ये परक्यांविरुद्ध उठलेले लोक; त्यांची घोषणाच 'चिंगला आधार द्या, परक्यांना संपवा' अशी होती. जून १९०० मध्ये दरबाराने परकी सत्तांशी युद्ध पुकारलं, तेव्हा दक्षिणेतल्या बड्या सुभेदारांनी तो हुकूम मानला नाही. उलट परक्यांशी समजूत करून आपले प्रांत शांत ठेवले. म्हणून इथे 'चीनने युद्ध केलं' एवढंच लिहून थांबू नका. दरबार, सुभेदार आणि बॉक्सर यांची भूमिका वेगवेगळी मांडा. परकी सत्तांशी झालेल्या १९०१ च्या करारातला ४५ कोटी टेल (चिनी वजन) चांदीचा दंड मात्र साऱ्या देशावर बसला.