हलके व्हील नट घेताना या चुका टाळा

अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं, बदलायला गेलेल्या माणसाचं सगळं लक्ष डिस्कच्या (टायर बसतो त्या धातूच्या चाकाच्या) डिझाइनवर असतं. नटांचा विषय शेवटी निघतो, आणि तेव्हा काउंटरवर लाल-निळे अ‍ॅल्युमिनियमचे नट येतात. ‘हलके आहेत, पिकअप सुधारेल,’ असं दुकानदार सांगतो.

पोलादी नट साधारण ५० ग्रॅमचा धरा, अ‍ॅल्युमिनियमचा निम्मा. १६ नटांमागे वाचले ४०० ग्रॅम. तेही कुठे? १०० पीसीडीच्या चाकात (नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर) नट केंद्रापासून ५० मिलिमीटरवर फिरतो, टायरचा बाहेरचा पट्टा सुमारे ३०० वर. चाक फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्या पट्ट्यातला एक ग्रॅम नटातल्या ३६ ग्रॅमइतका जड पडतो. वजन कमी करायचंच तर पैसे डिस्क आणि टायरवर घाला. नटाचं काम चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, दाबून धरण्याचं आहे.

खरी गफलत होते ती बैठकीत. नट डिस्कला जिथे टेकतो ती जागा शंकूची, गोल किंवा सपाट असते. होंडाच्या कंपनी डिस्कला गोल बैठकीचे नट लागतात, टोयोटाच्या बऱ्याच कंपनी अलॉयना वॉशरवाले सपाट, आणि बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांच्या शंकूचे. माझ्या भावाच्या गाडीला नवे अलॉय बसवले, नट मात्र जुनेच, गोल बैठकीचे ठेवले. आंबा घाट उतरताना वळणावर मागून टकटक ऐकू यायला लागली. चाक काढलं तर भोकात बांगडीसारखी एक बारीक चकचकीत रेघ, बाकीचा रंग जसाच्या तसा. म्हणजे सगळा भार त्या रेघेवर, आणि चारपैकी दोन नट हाताने फिरत होते. त्या दिवसापासून मी बैठक तपासल्याशिवाय नट आवळत नाही. नटाच्या बैठकीला मार्करची शाई फासा, पान्याने हलकेच आवळा आणि परत काढा. शाई गोलभर सारखी पुसली गेली तरच जोडी जुळली.

आट्यांचंही तेच. मारुतीच्या गाड्यांना सहसा १२ × १.२५ (१२ मिलिमीटर जाडीचा स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, आणि दोन आट्यांमध्ये १.२५ मिलिमीटर अंतर), होंडा-टोयोटा-ह्युंदाईला १२ × १.५. चुकीचा नट एक-दोन वेढे जातो आणि अडतो; तिथे गन (नट आवळायचं मशीन) लावली की स्टडचे आटे गेले. नट शेवटपर्यंत बोटांनीच फिरला पाहिजे, आणि फिरताना वेढे मोजा. पोलादी नट किमान स्टडच्या जाडीइतका आत हवा: १.५ च्या आट्याला ८ वेढे, १.२५ ला १०. अ‍ॅल्युमिनियमला मी याच्या दीडपट धरतो. बंद टोपीचा नट असेल तर स्टड टोपीला आतून टेकतो का, तेही पाहा. टेकला तर पाना घट्ट लागतो आणि चाक सैलच राहतं.

हलक्या नटांवर गन नकोच. अ‍ॅल्युमिनियमचे कोपरे गोल होतात, टायटॅनियमचे आटे कोरडे घासले की स्टडला धरून बसतात. टायटॅनियमला बनवणाऱ्याने सांगितलेली पेस्ट लावा. बाकी नटांना मनाने ऑइल लावू नका, कारण त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टड जास्त ताणला जातो. ठरलेल्या जोराला क्लिक होणाऱ्या टॉर्क पान्याने गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा लावा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, आणि ८०-१०० किलोमीटरनंतर थंड चाकावर पुन्हा तपासा.

८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग आणि हबची रिंग (चाक हबवर मधोमध बसवणारी कडी) बघा. कमी वेगातली टकटक किंवा नटाखालून ओघळलेली गंजाची रेघ दिसली तर मात्र गाडी थांबवून नट तपासा. नट आवळताना पाना क्लिक न होता फिरतच राहिला, तर आटे जाताहेत किंवा स्टड ताणला जातोय. तो स्टड बदलाच.

कोकणात राहणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे नट घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचा नट आणि पोलादी स्टड यांच्यामध्ये पांढरी पूड धरते आणि नट जाम होतो. शिवाय लांब घाट उतरताना ब्रेकची उष्णता हबपर्यंत येते, तीही अ‍ॅल्युमिनियमला सोसत नाही.

आणि जुने नट भंगारात देऊ नका. स्टेपनी बहुतेकदा पोलादी डिस्कची असते, तिला तेच लागतील. पिशवीत घालून डिकीत ठेवा, आणि नवे नट चावीचे (खास सॉकेटनेच उघडणारे) असतील तर चावीही त्याच पिशवीत.