शॉपिंग ॲपची चाचणी: ‘ऑर्डर यशस्वी’ दिसताच थांबू नका, या चुका टाळा

ऑनलाइन खरेदीच्या ॲपची चाचणी बहुतेक ठिकाणी एकाच वाटेने होते: लॉगिन, शोध, कार्ट, पत्ता, पेमेंट आणि शेवटी हिरव्या खुणेचा ‘ऑर्डर यशस्वी’ हा स्क्रीन. ही वाट तपासायलाच हवी, परंतु ती बिघडली असेल तर पहिल्या तासातच कोणाच्याही लक्षात येते. ग्राहकाला खरा मनस्ताप देणारे दोष या वाटेवर सहसा सापडत नाहीत. त्याचे पैसे, विक्रेत्याचा साठा आणि ऑर्डरची नोंद या तिघांचा मेळ जिथे तुटतो तिथे ते दडलेले असतात. म्हणून टेस्टरने, म्हणजे ॲप तपासणाऱ्याने, स्क्रीनपेक्षाही हिशेब अधिक बारकाईने तपासावा, असे माझे ठाम मत आहे.

पेमेंटचे दोनच निकाल गृहीत धरणे

पेमेंट एकतर झाले किंवा झाले नाही, एवढ्यावरच टेस्ट केस (तपासायच्या प्रसंगांची टिपणे) लिहिणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. यूपीआयमध्ये ‘प्रलंबित’ ही तिसरी अवस्थाही येते. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झालेली असते, पण पेमेंट गेटवेचा (बँक आणि ॲप यांच्यातील पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा) निरोप आपल्या सर्व्हरवर पोहोचलेला नसतो. हा निरोप उशिरा येऊ शकतो, दोनदा येऊ शकतो किंवा ग्राहकाने वैतागून दुसऱ्यांदा पैसे भरल्यानंतरही येऊ शकतो. या प्रत्येक शक्यतेसाठी स्वतंत्र टेस्ट केस हवी. निरोप दोनदा आला तरी ऑर्डर एकच तयार झाली पाहिजे. आणि पेमेंटची मुदत संपल्यामुळे ऑर्डर रद्द होऊन साठा मोकळा झाल्यावर निरोप आला, तर एकतर माल उपलब्ध असल्यास ऑर्डर पुन्हा उभी राहावी, नाहीतर परतावा आपोआप सुरू व्हावा.

ग्राहकाला दिसणारा मजकूरही याच वेळी वाचून पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर यूपीआयची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी आणि त्यापुढील विलंबासाठी दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. असे असताना ॲपवर नुसते ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ असे दाखवणे म्हणजे ग्राहकाला दुसऱ्यांदा पैसे भरायला लावणे होय. असा संदेश दिसल्यास तो किरकोळ दोष म्हणून नोंदवू नये.

फक्त चांगल्या फोनवर तपासणे

ग्राहक पिन टाकण्यासाठी यूपीआय ॲपमध्ये जातो तेव्हा आपले ॲप मागे जाते, आणि कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड ते बंदही करून टाकते. परत आल्यावर कार्ट रिकामी किंवा थेट मुखपृष्ठ, असा प्रकार कार्यालयातल्या महागड्या फोनवर कधीच दिसत नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ सुरू करून संपूर्ण खरेदी एकदा करून पाहिली, तर असे बरेच दोष लगेच उघडे पडतात. पेमेंट सुरू असताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जाण्याची चाचणीही त्याच बैठकीत उरकावी.

सूट आणि कर यांचा हिशेब एकाच उदाहरणावर सोडणे

प्रत्येकी ५०० रुपयांच्या तीन वस्तू आणि १०० रुपयांचे कूपन असा साधा नमुना घ्या. सूट समान विभागली तर प्रत्येक वस्तूवर ३३.३३ रुपये येतात आणि बेरीज ९९.९९ होते, उरलेला एक पैसा कोणत्या वस्तूवर टाकायचा हे ठरलेले नसेल, तर बिल आणि पेमेंटची रक्कम जुळणार नाही. आता त्यातील एक वस्तू परत करा. परतावा ५०० रुपयांचा झाला तर तिन्ही वस्तू एकेक करून परत करणाऱ्याला १,५०० रुपये मिळतील, आणि त्याने भरले होते १,४००. कूपनला किमान १,००० रुपयांच्या खरेदीची अट असेल आणि दोन वस्तू परत गेल्यावर ती अट मोडत असेल, तर काय करायचे? याचे उत्तर टेस्टरने स्वतः गृहीत धरू नये, रिलीजपूर्वी, म्हणजे ॲप ग्राहकांहाती जाण्याआधी, व्यवसाय पाहणाऱ्यांकडून लेखी मिळवावे.

कपड्यांच्या जीएसटीत असाच कस लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. करपूर्व २,६०० रुपयांच्या कुर्त्यावर विक्रेत्याने बिलातच २०० रुपये सूट दिली, तर विक्रीमूल्य २,४०० होते आणि कर १२० रुपये येतो. प्रणालीने दर सूट देण्याआधीच ठरवून टाकला असेल तर त्याच कुर्त्यावर ४३२ रुपये कर लागेल. बरोबर २,५०० रुपयांचा नगही न विसरता तपासावा. पुण्यातील विक्रेता, पुण्यातील ग्राहक, पण माल पाठवायचा पत्ता पणजीचा, अशी भेटवस्तूची ऑर्डर करून बिलावर राज्यांतर्गत विक्रीच्या सीजीएसटी व एसजीएसटीऐवजी आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी आला का, हेही पाहावे. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकासाठी माल पोहोचवण्याचा पत्ताच निर्णायक असतो.

मराठी मजकूर म्हणजे फक्त भाषांतर, असे समजणे

बटणांवरची मराठी वाचून चाचणी संपवली जाते, आणि ग्राहक मराठीत काय टाइप करतो याकडे दुर्लक्ष होते. ‘ॲल्युमिनियमची कढई’ शोधून पाहा. यातला ‘ॲ’ एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. युनिकोड या अक्षरसंकेताचे नेहमीचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) लावूनही ते एक होत नाहीत. ‘सुऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चीही हीच गत आहे. त्यामुळे एका कीबोर्डवरून शोधणाऱ्याला वीस वस्तू दिसतात आणि दुसऱ्याला ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर मिळते. दोन वेगळ्या कीबोर्डवरून एकच शब्द शोधणे ही दोन मिनिटांची चाचणी आहे, आणि ती वगळण्याचे कोणतेही कारण मला पटत नाही.

पिनकोडच्या चौकटीत मराठी कीबोर्डवरून ४११०३० असे देवनागरी आकडे टाकून पाहावेत. जावास्क्रिप्टमधील आकड्यांची नेहमीची पडताळणी ते नाकारते, तर पायथनमधील तीच पडताळणी ते स्वीकारते. म्हणजे वेबसाइटवरची तपासणी जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हरवरची पायथनमध्ये लिहिली असेल, तर दोघांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात मजकूर साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीची एकके) घेते. पत्त्याची मर्यादा बाइटमध्ये मोजली असेल तर ‘लक्ष्मीनारायण मंदिराच्या मागे’ ही खूण मध्येच तुटते. पत्ता पडद्यावर नीट दिसला म्हणून समाधान मानू नये, पार्सलवर चिकटणारे लेबल प्रत्यक्ष छापून घ्यावे, कारण कुरियरच्या प्रिंटरकडे देवनागरीचा फाँट नसेल तर तिथे नुसते चौकोन उमटतात. एसएमएसचेही लक्षात ठेवावे: इंग्रजी लिपीतील १६० अक्षरांऐवजी मराठीत एका संदेशात ७०च मावतात, आणि लांब संदेशाचे तुकडे होऊन खर्च वाढतो.

वेळ, शेवटचा नग आणि न मागितलेली वस्तू

सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असेल तर ३१ ऑक्टोबरला मध्यरात्री संपणारे कूपन भारतात १ नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचपर्यंत चालू राहते. साठ्यात एकच नग ठेवून दोन फोनवरून एकाच क्षणी खरेदी करावी. दोघांनाही ऑर्डर मिळाली तर साठ्याची राखण चुकली आहे.

कार्टमध्ये आपोआप आलेला विमा किंवा आधीच खूण केलेली देणगी हा ‘डिझाइनचा निर्णय’ मानून टेस्टर गप्प बसतात, ते योग्य नाही. ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती घेता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या तेरा फसव्या रचना नोंदवल्या आहेत, त्यांत कार्टमध्ये गुपचूप वस्तू घालणे हीदेखील आहे. हा दोष म्हणूनच नोंदवावा.

‘पुन्हा घडत नाही’ म्हणून बग बंद करणे

अधूनमधून येणाऱ्या दोषाला स्क्रीनशॉट पुरत नाही. ऑर्डर क्रमांक, यूपीआय व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ, फोनचे मॉडेल आणि नेटवर्क एवढे लिहून ठेवले की डेव्हलपरला सर्व्हरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) नेमकी ओळ सापडते. त्याशिवाय चाचणीच्या प्रत्येक फेरीनंतर गेटवेकडील यशस्वी व्यवहार, डेटाबेसमधील ऑर्डरी आणि साठ्यातील घट या तीन याद्या समोरासमोर लावाव्यात. पैसे आले आणि ऑर्डर नाही, असे दिसल्यास गेटवेचा निरोप नाकारला गेला का, हे आधी पाहावे. ऑर्डर आणि पैसे जुळतात पण साठा कमी झालेला नाही, तर रद्द करण्याची आणि पुन्हा उभे करण्याची प्रक्रिया तपासावी. ऑर्डर आहे आणि पैसेच नाहीत, असा एक जरी नमुना निघाला, तरी सर्व्हर गेटवेला न विचारता फोनवरून आलेल्या ‘यशस्वी’ या निरोपावर विसंबतो आहे का, हे सर्वप्रथम पडताळावे आणि त्याचा उलगडा होईपर्यंत रिलीज थांबवावे.