यंत्र आल्यावर मजुरी कशी वाढवावी : खान्देशातील कामगार कुटुंबांसाठी

जळगावच्या डाळमिलमध्ये डागी, काळपट दाणे वेचून काढण्याचे काम पूर्वी स्त्रिया ओळीने बसून करीत. आता ते सॉर्टेक्स यंत्र करते. घसरत येणाऱ्या दाण्याचा रंग कॅमेरा टिपतो आणि खराब दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. या बदलात निवडणाऱ्या बायांचा रोजगार गेला, आणि ते नुकसान खरे आहे. मात्र त्याच यंत्रापाशी कॉम्प्रेसरचा दाब राखण्याचे, काच स्वच्छ ठेवण्याचे, तुरीसाठी एक आणि हरभऱ्यासाठी दुसरी मांडणी लावण्याचे नवे कामही निर्माण झाले, आणि ते जाणणाऱ्या माणसाला मालक सहजासहजी सोडत नाही. यंत्रामुळे वाढलेल्या उत्पन्नातला वाटा कामगाराच्या हाती येतो तो बहुधा अशा जागी.

म्हणून सुरुवात आपल्या कामाची फोड करण्यापासून करावी. आठवडाभर दिवसातील प्रत्येक काम वहीत लिहावे आणि त्यापुढे, हे काम रोज एकाच पद्धतीने होते की त्यात पाहून निर्णय घ्यावा लागतो, याची नोंद करावी. पहिल्या प्रकारची कामे यंत्राकडे लवकर जातात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे स्पष्ट दिसते. ठिबक आल्यावर रात्री पाणी भरण्याचे काम कमी झाले. पण वाळूच्या गाळणीचे बॅकवॉश करणे म्हणजे उलटे पाणी सोडून ती धुणे, नळ्यांत क्षार साचले की आम्लप्रक्रिया करणे, विद्राव्य खतांचे प्रमाण पिकाच्या वयानुसार बदलणे ही कामे वाढली. ज्या सालदाराला ही कामे येतात, त्याने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवताना ती एकेक करून सांगावीत. कौशल्य न सांगता मागितलेली वाढ नाकारणे मालकाला सोपे जाते.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. केवळ हाताला वळण लागून आलेले कौशल्य त्या एका कारखान्यात चालते. दुसऱ्या दारात गेल्यावर ते सिद्ध करावे लागते. मुलगा किंवा मुलगी दहावी झाली असेल, तर आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आजही भक्कम आहेत. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. कमी काळात पदरी पडणारे काम हवे म्हणून पुष्कळ पालक तोच निवडतात; घरची ओढाताण पाहता ते समजण्यासारखे असले, तरी जमत असेल तर दोन वर्षे द्यावीत असे माझे मत आहे, कारण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्याला तंत्रनिकेतनातील पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. कामगाराचा पर्यवेक्षक होण्याचा रस्ता तेथून निघतो.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी टाळू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तेव्हा औद्योगिक वसाहतीतील पाइप, चटई किंवा यंत्रभागांच्या कारखान्यात अर्ज करताना उपकार मागत असल्याची भावना मनात ठेवू नये. विद्यावेतन थोडे असते. पण बंद पडलेले यंत्र उघडून पाहण्याची संधी वर्गात मिळत नाही.

एकदा शिकलेले जन्मभर पुरेल, ही समजूत मात्र धोक्याची. भुसावळला वाफेच्या इंजिनांचे मोठे शेड होते. आज तेथे विद्युत इंजिनांचे शेड आहे. बॉयलरच्या कामात मुरलेल्या माणसाचे कसब कमी नव्हते, पण त्याला विजेचे काम नव्याने शिकावे लागले. यासाठी दर दोन-तीन वर्षांनी एक जोडकौशल्य घ्यावे. इलेक्ट्रिशियनने मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह किंवा सौरपंपाची जोडणी शिकावी, टर्नरने सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राचा, प्रोग्राम वाचायला शिकावे. नवे यंत्र बसवायला कंपनीचा माणूस येतो, ते दोन दिवस सुट्टी न घेता त्याच्या शेजारी उभे राहावे, आणि यंत्राची पुस्तिका इंग्रजीत असली तरी मोबाईलवर भाषांतर करून वाचावी.

वाढलेली मजुरी टिकवण्याचे साधन म्हणजे भविष्य निर्वाह निधी. तो २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकाच्या तेवढ्याच रकमेतून १,२५० निवृत्तिवेतनाकडे जाऊन ५५० रुपये निधीत पडतात. दरमहा २,३५० रुपये ३० वर्षे साठले, तर भरणा होतो ८ लाख ४६ हजार. आणि व्याज सरासरी ८ टक्के धरले, तर हाती येणारी रक्कम ३३ लाखांच्या आसपास जाते, तीही वेतन एका रुपयाने वाढले नाही असे मानून. नोकरी बदलताना ही रक्कम काढून लग्नात किंवा घराच्या डागडुजीत घालण्याची चाल आपल्याकडे फार आहे. तसे न करता त्याच यूएएन क्रमांकावर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या निधीच्या क्रमांकावर, खाते पुढे वर्ग करावे. निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते, आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यातील पैसे मध्येच काढल्यास ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पासबुक दर महिन्याला पाहावे, आणि आधारवरील नाव व जन्मतारीख निधीच्या नोंदीशी जुळते का, हे नोकरीत असतानाच तपासून घ्यावे.