घरी वेल्डिंग शिकताना: आधी वायर, मग मशीन

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात वेल्डिंग मशीन आणलं ते खिडकीचे गज जोडायला. पण सुरुवात करावी लागली वायरिंगपासून, आणि माझं सांगणं आहे की तुम्हीही तिथूनच करा.

घरकामाला 200 अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन पुरेसं आहे. ते पंख्या-टीव्हीच्या प्लगवर लावू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून मेन बोर्डापासून 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाइन, 16 अँपिअरचं सॉकेट, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग करून घ्या.

जागा कोरडी, मोकळ्या हवेची हवी, गच्ची उत्तम. जवळ वाळूची बादली ठेवा. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. मास्कला 10 किंवा 11 नंबरची काच. साधा काळा गॉगल चालत नाही. एकदा मी दोन-तीन टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मास्क न लावता मारले. तेव्हा काहीच जाणवलं नाही; रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं आणि पहाटेपर्यंत झोप नाही. बघायला जमलेल्या मुलांना तर आधी घरात पाठवा.

रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी लेप दिलेली कांडी, 6013 या प्रकारचा, 2.5 मिलिमीटरचा घ्या. करंट 80 अँपिअरवर ठेवा. होल्डर (रॉड धरणारी मूठ) प्लसला, अर्थ क्लॅम्प (लोखंडाला लावायचा चिमटा) मायनसला. बडोद्याच्या पावसाळ्यात उघडा पुडा दमट होतो, मग रॉड तडतडतो आणि जोडात भोकं पडतात. म्हणून रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता सराव. 5-6 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या, पातळ पाइप नको, तो लगेच जळून भोक पडतं. गंज आणि रंग ग्राइंडरने काढा. क्लॅम्पही चकचकीत लोखंडावरच लावा. रॉड काडीपेटीची काडी ओढतो तसा घासा आणि लगेच किंचित उचला. चिकटला तर मनगटाने हिसका द्या, तरी सुटला नाही तर होल्डरची पकड सोडा. अंतर रॉडच्या जाडीएवढंच ठेवा. लिहिताना पेन कलतं तसा रॉड कलता धरून डावीकडून उजवीकडे सरका. डावखुऱ्यांनी उलट. नजर ठिणगीवर नको, तिच्यामागच्या वितळलेल्या थेंबावर हवी. मला हे कळायला चार दिवस लागले, आणि त्यानंतरच रेघ सरळ आली.

थंड झाल्यावर संरक्षक चष्मा लावून हातोडीने रेघेवरची कडक खपली काढा. ती लांब तुकड्याने निघाली आणि खाली एकसारख्या लाटा दिसल्या, तर जमलं. रेघ उंच, गोळे-गोळे आली तर करंट कमी. कडांना चर पडले तर जास्त.

जोड करताना आधी दोन्ही टोकांना टाका मारा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा, मगच पूर्ण भरा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप आणि बंद पिंप यांना नवशिक्याने हातच लावू नये: पहिल्याच्या धुराने ताप येतो, दुसरं फुटतं.

झोपाळ्याच्या कड्या आणि जिन्याचा कठडा आम्ही अजून मकरपुऱ्याच्या कारागिराकडूनच करून घेतो. त्यांच्यावर माणसांचा भार असतो.