‘काहीतरी छान द्या ना’ : वाचकाला कादंबरी सुचवताना

ग्रंथालयाच्या काउंटरवर ‘काहीतरी छान द्या ना वाचायला’ हे वाक्य रोज कानावर पडतं, आणि त्याचं उत्तर देणं सोपं नसतं. संदर्भाचा प्रश्न असला की कोश काढून देता येतो, कपाट दाखवता येतं. ‘छान’ला वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा आकडा, नाही. मग हाताशी असलेली, सध्या गाजत असलेली कादंबरी पुढे सरकवली जाते. कधी ती लागू पडते, पण पुष्कळदा आठ दिवसांनी तशीच परत येते. आत खुणेची चिठ्ठी अठराव्या पानावर अडकलेली असते आणि वाचक भिडेखातर ‘चांगलं होतं’ म्हणून निघून जातो.

पुस्तक वाईट असतं म्हणून असं होत नाही. ते त्या माणसाचं नसतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतली दोन नेमकी हेच सांगतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही गाठ घालून देणं हे ग्रंथपालाचं काम आहे आणि ते शिकता येतं. त्यासाठी सगळ्या कादंबऱ्या वाचलेल्या असाव्या लागत नाहीत.

विषय सोडा, ओढ पकडा

सगळ्यात जास्त फसगत होते ती विषयावरून पुस्तक काढताना. वाचकाला बोटीवर घडणारी खुनाची कादंबरी आवडली, म्हणून त्याला समुद्रावरची दुसरी दिली जाते. ही दुसरी एका म्हाताऱ्या खलाशाच्या आठवणींची, संथ, लांब वाक्यांची असते आणि चाळीस पानांत वाचक कंटाळतो. त्याला समुद्र नकोच होता. माणसं एका जागी अडकलेली आहेत, त्यांतला एक खुनी आहे, कुणावरच विश्वास ठेवता येत नाही, ही धास्ती त्याला हवी होती. बर्फात वाट बंद झालेल्या हॉटेलातली कादंबरी त्याला चालली असती.

अमेरिकेतल्या जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन या ग्रंथपालांनी १९८९ मध्ये या कामावर पुस्तक लिहिलं. कादंबरीची गती, पात्रं, कथानक आणि पार्श्वभूमी यांवरून पुस्तक वाचकाला का ओढतं ते ओळखायचं, अशी त्यांची मांडणी होती. नॅन्सी पर्ल या तिथल्याच दुसऱ्या ग्रंथपालांनी हेच आणखी सोपं केलं. त्या म्हणतात, कादंबरीत शिरायला चार दारं असतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक कादंबरीत ही चारही असतात, पण एखादंच सताड उघडं असतं.

वाचक कोणत्या दारानं येतो हे त्याच्या बोलण्यातून आपोआप कळतं. ‘रात्री दोन वाजले तरी खाली ठेववेना’ म्हणणारा गोष्टीच्या दारातला. ‘ती सासू डोक्यातून जातच नाही’ म्हणणारा माणसांच्या. ‘ते बंदर अगदी डोळ्यांसमोर उभं राहतं’ हा जागेचा वाचक, आणि ‘काही ओळी वहीत उतरवून घेतल्या’ हा भाषेचा. गोष्टीच्या वाचकाला भाषेची कादंबरी दिली की तो म्हणतो, ‘यात काही घडतच नाही.’ भाषेच्या वाचकाला नुसती पळणारी गोष्ट दिली की त्याला ती उथळ वाटते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

विचारायचं कसं

‘तुम्हाला कोणत्या प्रकारची पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न टाळावा. त्यावर माणूस एक तर ‘सगळीच’ म्हणतो, नाहीतर आपण जे वाचायला हवं असं त्याला वाटतं त्याची नावं सांगतो. त्याऐवजी एका पुस्तकाबद्दल बोलतं करावं:

‘अलीकडे वाचलेली, मनापासून आवडलेली एखादी कादंबरी सांगता?’

‘मागच्या वेळी ती तीन बहिणींची नेली होती ना, ती.’

‘तिच्यातलं काय आवडलं?’

‘भांडतात खूप, पण एकमेकींवाचून चालत नाही त्यांचं. आणि अगदी वाईट असं कुणीच नाही त्यात.’

‘या खेपेला तसंच हवंय, की काही वेगळं?’

‘तसंच. पण जरा लहान असू दे. सध्या रात्री अर्धा तासच मिळतो.’

एवढ्या बोलण्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि हाताला काय काय लागलं बघा. बहिणी हा विषय झाला, तो बाजूला ठेवला तरी चालेल. हवी आहे ती जवळच्या माणसांतली ओढाताण, खलनायक नसलेलं जग आणि अर्ध्या तासात एक प्रकरण संपेल अशी रचना, म्हणजे दहा ते पंधरा पानांची प्रकरणं. बाप आणि मुलगा एकत्र दुकान चालवतात अशी दोनशे पानांची कादंबरी इथे बसेल. पाचशे पानांची, चार पिढ्यांची आणि शेवटी सूड उगवणारी बहिणींचीच कादंबरी बसणार नाही.

आवडलेलं काहीच आठवत नसेल तर न आवडलेलं विचारावं. कुठे अडलो ते लोक फार नेमकं सांगतात: ‘नावंच लक्षात राहिनात’, ‘सारखं मागे-पुढे होत होतं’, ‘मूल मरतं ते सहन झालं नाही’. तिन्ही उत्तरं लगेच कामाला येतात.

एक प्रश्न मात्र विसरू नये: आत्ता कसं वाचायचंय? माणूस तोच असला तरी प्रवासात, परीक्षेनंतर, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसून वाचताना त्याला वेगळं पुस्तक लागतं. एरवी भीषण गुन्हेकथा चवीनं वाचणारा माणूस आजारपणात हलकंफुलकं मागतो. त्याची जुनी नोंद बघून पुस्तक काढलं तर इथे चूक होते.

तीन पुस्तकं, दोन-दोन वाक्यं

एकच पुस्तक दिलं तर नकार देणं अवघड जातं. सात दिली तर निवड परत वाचकाच्या गळ्यात पडते. तीन पुरे. पहिलं, त्याच्या आवडीला अगदी लागून असलेलं. दुसरं, ओढ तीच पण मांडणी वेगळी. तिसरं थोडं धाडसाचं, त्यानं आपणहून कधी उचललं नसतं असं. कपाटाकडे बोट दाखवू नये. सोबत जाऊन पुस्तक काढावं आणि हातात द्यावं, कारण वजन, अक्षराचा आकार, मुखपृष्ठ यांवरही माणूस ठरवत असतो.

बोलताना प्रत्येकी दोन वाक्यं. एकात गोष्टीची सुरुवात, दुसऱ्यात ती वाचताना काय वाटतं. ‘एक टपाल्या तीस वर्षं न वाटलेल्या पत्रांची पिशवी घेऊन परत येतो. सावकाश चालणारी आहे, पण शेवटची पन्नास पानं सोडवत नाहीत.’ बस. पहिल्या पाव भागापलीकडचं कथानक सांगायचं नाही, आणि ‘शेवटी काय धक्का आहे म्हणून सांगू!’ हेही नाही. धक्का आहे हे कळलं की वाचक पहिल्या पानापासून तोच शोधत बसतो.

‘तुम्हाला नक्की आवडेल’ असंही म्हणू नये. त्या वाक्यानं वाचकावर आवडून घेण्याची जबाबदारी येते. ‘पन्नास पानं वाचून बघा, नाही रमलात तर आणून द्या’ हे बरं. नॅन्सी पर्ल यांचा पन्नास पानांचा नियम हाच आहे, आणि वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी त्यांनी सूट दिली आहे: शंभरातून वय वजा करा, उरतील तितकीच पानं वाचा. सत्तर वर्षांच्या वाचकाला तीस पानांत पुस्तक बंद करण्याचा हक्क आहे. हे ऐकलं की कित्येकांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरतं.

न वाचलेली कादंबरी दहा मिनिटांत

नवी पुस्तकं दाखल होतात त्या दिवशी प्रत्येक लोकप्रिय कादंबरीला दहा मिनिटं द्यावीत. ही वाचन नव्हे, चाचपणी.

आधी पान न वाचता नुसतं बघा. कागदावर मोकळी जागा भरपूर, संवाद तुटक, परिच्छेद तीन-चार ओळींचे असतील तर गती जास्त. पानभर पसरलेले परिच्छेद आणि मोजके संवाद असतील तर कादंबरी संथ किंवा वर्णनाची. प्रकरणांची पानं मोजा. पाच-सहा पानांची प्रकरणं असलेली कादंबरी तुकड्या-तुकड्यानं वाचणाऱ्याला सोयीची पडते. प्रकरणांवर तारखा किंवा वेगवेगळ्या पात्रांची नावं असतील तर काळ मागे-पुढे होतो किंवा निवेदक बदलतात. हे आवर्जून टिपून ठेवा, कारण गोंधळून पुस्तक सोडणारे वाचक पुष्कळदा इथेच अडलेले असतात.

मग पहिली तीन पानं वाचा. गोष्ट प्रसंगानं सुरू होते, की माणसाच्या मनापासून, की हवापाण्यापासून? त्यानंतर मध्यावर कुठेही उघडून पाच पानं. ही पाच पानं सर्वांत खरं बोलतात. सुरुवात लेखकानं घासूनपुसून केलेली असते, कादंबरीचा रोजचा स्वभाव मध्यावर दिसतो. मलपृष्ठावरचा मजकूर शेवटी वाचा, आणि त्यावर विसंबू नका. तो विक्रीसाठी लिहिलेला असतो, आणि शांत कौटुंबिक कादंबरीलाही तिथे ‘थरारक’ म्हटलेलं सापडतं.

शेवटी पाच ओळींची नोंद करा, वहीत किंवा संगणकावर: कोणतं दार, गती, सूर (उदास, प्रसन्न, भयाण), पानं आणि प्रकरणांची लांबी, आणि खबरदारी. खबरदारीत हिंसा, लैंगिक अत्याचार, मुलाचा किंवा प्राण्याचा मृत्यू, अर्धवट सोडलेला शेवट आणि मालिकेतला कितवा भाग, हे लिहावं. दहा मिनिटांत हे सगळं कळत नाही. वाचून परत करणाऱ्यांकडून कळेल तसं भरत जावं. आठवड्याला चार नोंदी केल्या तरी वर्षाला दोनशे होतात, आणि एवढ्या भांडवलावर काउंटर आत्मविश्वासानं सांभाळता येतो.

सगळ्या प्रती बाहेर असताना

गाजलेल्या कादंबरीच्या तीन प्रती आणि मागणी करणारे वीस जण. देवघेवीची मुदत पंधरा दिवसांची धरली तर विसाव्या माणसाची पाळी तीन महिन्यांनंतर येते. हे त्याला स्पष्ट सांगा, नाव नोंदवून घ्या आणि रिकाम्या हातानं पाठवू नका. अशा पुस्तकासाठी पर्यायी पाच-सहा कादंबऱ्यांची यादी आधीच तयार हवी. मात्र ती एकाच दारातली नको. गाजलेलं पुस्तक कुणी कोड्यासाठी मागतो, कुणी नायिकेसाठी, आणि कुणी सगळे बोलतात म्हणून. या शेवटच्या माणसाला पर्याय पटत नाही. त्याला नंबर येईपर्यंत त्याच लेखकाची आधीची, तितकी न गाजलेली कादंबरी द्यावी.

मालिका असेल तर पहिला भाग कपाटात आहे का ते आधी बघावं. दुसरा भाग हातात आणि पहिला हरवलेला, अशानं मालिकाच मरते. पहिल्या भागाची एक जादा प्रत घ्यायला लावा. तोच सर्वाधिक फिरतो आणि लवकर फाटतो.

मांडणीबद्दल थोडंच. बारा ते पंधरा पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवावीत. एक उचललं गेलं की त्याच दिवशी दुसरं ठेवावं, कारण अर्धं रिकामं टेबल उरलेल्या पुस्तकांची किंमत उतरवतं. सोबतची चिठ्ठी तीस-चाळीस शब्दांची असावी, आणि ‘अप्रतिम’, ‘वाचायलाच हवं’ असे शब्द तिच्यात नसावेत.

जिभेवर ताबा

हलक्या प्रेमकथा मागणाऱ्याला ‘जरा चांगलं वाचा’ म्हणणं हा या कामातला सर्वांत मोठा गुन्हा. तो वाचक परत विचारायला येत नाही. वय किंवा पोशाख बघून पुस्तक काढू नये, रहस्यकथांचं वेड कुणालाही असतं. एकाचं वाचन दुसऱ्यासमोर बोलू नये. ‘तुमच्या शेजारणीनंही हेच नेलं’ हे वाक्य साधं वाटतं, पण कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. नाजूक विषयावरची कादंबरी मागणाऱ्याशी आवाज खाली ठेवूनच बोलावं. आणि आपल्याला अतिशय आवडलेलं पुस्तक सुचवताना दुप्पट सावध राहावं, कारण तेव्हा आपण वाचकाचं ऐकणं थांबवलेलं असतं.

पुस्तक परत येतं तेव्हा

‘आवडलं का?’ असं विचारलं की ‘हो, छान’ एवढंच मिळतं. ‘कुठपर्यंत वाचून झालं?’ असं विचारा. ‘अर्ध्यापर्यंत’ हे उत्तर द्यायला संकोच वाटत नाही, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: ‘तिथे काय झालं?’ ‘ती शहर सोडून जाते ना, तिथून ते राजकारणच सुरू झालं’ असं कुणी म्हणालं की नोंदवहीतल्या त्या पुस्तकासमोर एक ओळ वाढते: दुसऱ्या अर्ध्यात सूर बदलतो. आणि समोरच्या माणसासाठी पुढचं पुस्तक काढायला हात कुठल्या रांगेकडे न्यायचा हेही ठरतं.